बरक्याच्या शोधात मलबार

पहिला दिवस : कुडाळ ते पणजी

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गाला घासून गेलं, तेव्हा मामाच्या परसातलं बरक्या, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांच्या फणसाचं जुनं झाड मुळासकट आडवं झालं. कौलं गेली, पोफळी गेल्या, त्याचं दुःख मामाने दोन महिन्यांत आवरतं घेतलं. बरक्याचा विषय मात्र अजून निघतो. दर उन्हाळ्यात मामीने सांदणांसाठी शेजारी फणस मागायला माणूस पाठवला, की मामाचा चेहरा उतरतो. परसात आता एक कापा, घट्ट गऱ्यांचा, तेवढा उरलाय. मामा त्याला फणस म्हणतच नाही. "कापो म्हणजे दातांचो व्यायाम," म्हणतो.

मी गेली दोन वर्षं फणसाच्या नावांची एक वही भरतेय. कोणी विचारलं नव्हतं, नाद म्हणून. पुस्तकांतून जेवढं मिळायचं तेवढं मिळालं होतं, आता ती नावं माणसांच्या तोंडून ऐकायची होती. कुडाळपासून कोचीपर्यंत किनाऱ्याने जायचा बेत मी सांगितला, तर मामा म्हणाला, "मी पण येतंय. थंयसून बरको हाडूया." एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. प्रवासाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. मामीने खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि एक विळी पिशवीत घातली. विळी मी गुपचूप काढून ठेवली. रेल्वेत कोण कोणाला काय समजावणार?

पणजीत चर्चसमोरच्या चौकातल्या बागेत संध्याकाळी बसलो. बागेचं नाव गार्सिया द ऑर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला तो इथलाच झाला. औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात रुआनो नावाचं एक पात्र आहे. ते सारखं प्रश्न विचारतं आणि ऑर्ता उत्तरं देतो. नारळाएवढं हे कसलं फळ, असं रुआनो विचारतो, तेव्हा ऑर्ता म्हणतो, अहो, याच्या आतल्या बिया तुम्ही आत्ताच भाजून खाल्ल्यात आणि अगदी चेस्टनटसारख्या लागतात म्हणालात! म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात एका पाहुण्याला फणस न दाखवता आधी आठळ्या खिलवल्या होत्या. मला हा ऑर्ता तिथेच आवडला. मलबारात याला जाका म्हणतात आणि कानडी-गुजरातीत पनस, हेही त्याने नोंदवलंय.

मामाला सांगितलं तर त्याचा प्रश्न एकच. "तो कापो होतो की बरको?"

बाजारात गोव्याची भाषा कानावर आली. पणस. फ नाही, प. एका बाईपुढे दोन अर्धे चिरलेले फणस होते. मामाने बरका मागितला, तर ती म्हणाली, "रसाळ जाय?" गोव्यात कापा तो कापोच, पण बरका झाला रसाळ. तेवढं कळलं. मामाने एक गरा चाखला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुढे निघाला.

त्या प आणि फ बद्दल वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. संस्कृतात पनस. पाशाचा फास झाला, परशूची फरशी झाली, तसा मराठीत पनसाचा फणस झाला. कोकणीने तो श्वास सोडला नाही एवढंच.

दुसरा दिवस : मंगळूर

मडगावहून गाडीत बसलो. काळी नदी ओलांडली आणि कारवारनंतर फेरीवाल्यांची भाषा बदलली. दुपारी मंगळुरात उतरलो ते थेट एका सारस्वत खानावळीत. पानात कोवळ्या फणसाची भाजी, वाटलेल्या खोबऱ्यातली. आमच्याकडे हीच कुयरीची भाजी, पण इथलं कोकणी नाव कडगी. वाढणारे गृहस्थ सत्तरीचे असतील. आम्ही मराठी म्हटल्यावर ते कोकणीतच सुरू झाले. पणसु, घरो, आणि आठळीला बिक्कांड. बिक्कांड! मामा तो शब्द दोन दिवस घोळवत होता.

मग इडल्या आल्या, फणसाच्या पानात उकडलेल्या. चार पानं घ्यायची, देठ बाहेर टोकं आत अशी फुलीसारखी ठेवायची, नारळाच्या हिराच्या काड्यांनी टाचायची, की पेल्यासारखा द्रोण होतो. त्यात पीठ ओतून उकडायचं. सोलताना पानाच्या शिरांचा ठसा इडलीवर उमटलेला दिसतो आणि वास येतो तो ओल्या झाडाचा. मामाने एक द्रोण उलगडून पुन्हा जमतो का ते पाहिलं. जमला नाही.

"इथले तुळू लोक काय म्हणतात?" मी विचारलं. गृहस्थांनी आतल्या आचाऱ्याला हाक मारली. तो दारातूनच म्हणाला, पेलकाई. आणि कोवळा असेल तर गुज्जे. कडगी, कुयरी, गुज्जे : एकाच झाडाच्या एकाच वयाला शंभर कोसांत तीन नावं. पिकलेल्याला एक नाव पुरतं, पण भाजीच्या फणसाला वेगळं नाव लागतंच. मला वाटतं, ही नावं स्वयंपाकघरातली आहेत. झाडाकडे बघून नाही, पातेल्याकडे बघून ठेवलेली.

कन्नडमध्ये फणस म्हणजे हलसु. मराठी कानाला फणस आणि हलसु यांचं नातं जुळायचं कारण नाही. पण कन्नडची एक जुनी खोड आहे. शब्दाच्या सुरुवातीच्या प चा तिने ह केला. तमिळमध्ये दूध पाल, कन्नडमध्ये हालु. तमिळमध्ये दहा म्हणजे पत्तु, कन्नडमध्ये हत्तु. तसंच जुन्या कन्नडमधलं पलसु आजचं हलसु. आता शेजारी तमिळचं पला ठेवा, तुळूचं पेल ठेवा, तेलुगूचं पनस ठेवा. एकाच घरातली भावंडं दिसायला लागतात. संस्कृतनेही पनस इथूनच, दक्षिणेतून उचलला असावा, असं बरेच भाषाशास्त्री मानतात. ते मला पटतं. ज्या मुलखात फणस परसात लोंबतो, तिथली माणसं त्याच्या नावासाठी संस्कृतची वाट बघत बसली असतील का?

रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात भारतातल्या एका झाडाचं नाव पाला असं लिहिलंय. फळ मोठं आणि फार गोड, एक फळ चौघांना पुरतं. कोणी त्याला केळ मानतात, कोणी फणस. मी अर्थात फणसाच्या बाजूची.

संध्याकाळी बाजारात मामा फणसांच्या राशीसमोर उभा. विक्रेता म्हणाला, "बक्के, बक्के." मामा मला म्हणाला, "ऐकलंस? बरको म्हणता." मी म्हटलं, मामा, बक्के म्हणतोय, घट्ट गऱ्यांचा. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या गावाला घेऊ म्हणाला.

तिसरा दिवस : कोझिकोड

गाडीने केरळात शिरलो. कासारगोड मागे पडलं आणि पणस, हलसु, पेल सगळं संपलं. आता चक्का.

मराठी माणसाला चक्का म्हटलं की कापडात टांगलेलं दही आठवतं. स्टेशनवर एका गाड्यावरच्या पोराने "चक्का, चक्का" करत गरे पुढे केले तेव्हा मामा म्हणाला, श्रीखंड करूक ठेवल्यानी काय? पोराला काहीच कळलं नाही, तरी तो हसला. केरळ सरकारने २१ मार्च २०१८ रोजी फणस हे राज्याचं अधिकृत फळ म्हणून जाहीर केलं. त्याआधीही ते होतंच म्हणा. चक्कप्पुळुक्क, चक्क वरट्टी, चक्कक्कुरु म्हणजे आठळ्या : अर्ध्या स्वयंपाकाच्या नावात चक्का.

गंमत अशी की झाडाला कोणी चक्का म्हणत नाही. झाड प्लाव. त्यात तोच जुना पला-पिला दडलेला आहे. म्हणजे मल्याळमने झाडाला किनाऱ्याचं नाव ठेवलं आणि फळाला आपलं वेगळं. आणि एकदा चक्का हा शब्द हाती आल्यावर मोठ्या, खवल्याखवल्यांच्या कुठल्याही फळाला तो चिकटवला. अननस म्हणजे कैतच्चक्का. कैता म्हणजे केवडा, तर केवड्याच्या पानांचा फणस. सीताफळ झालं आत्तच्चक्का. आमच्याकडे ज्याला निरफणस किंवा विलायती फणस म्हणतात, ते इथे शीमच्चक्का, आणि शीम म्हणजे विलायत. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती केली.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर १४९८ मध्ये उतरले ते इथेच, कोझिकोडजवळ. फणस पहिल्यांदा गोव्यात भेटला असता तर त्यांनी पनासा वगैरे काही नेलं असतं. मलबारात भेटला म्हणून चक्का नेला. त्याचा झाला जाका आणि इंग्रजांच्या तोंडी जॅक. पुढे कोणीतरी असंही म्हणून ठेवलं, की विल्यम जॅक नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून हे नाव पडलं. तो जॅक जन्मला १७९५ मध्ये. जाका १५६३ च्या पुस्तकात छापलेला. तरी ही गोष्ट अधूनमधून डोकं वर काढते. माणसाच्या नावावरून फळाचं नाव पडलं की ऐकायला बरं वाटतं, बाकी काही नाही.

आता मामाची गोष्ट. संध्याकाळी मी लॉजवर वही घेऊन बसले होते. मामा एकटाच बाजारात गेला आणि तासाभराने रिक्षातून उतरला, रिक्षावाल्याने फणस खांद्यावर घेतलेला. दहा किलो तरी असेल. मामाचा चेहरा फुललेला.

"मिळालो. विचारलंय. बरको काय, तर म्हणता वरिक्का. तीन दुकानांत विचारलंय. तीनय ठिकाणी वरिक्का."

लॉजच्या मॅनेजरने मागच्या अंगणात वर्तमानपत्र अंथरून दिलं आणि कोयता आणला. मामीची बाटली निघाली. मामाने हातांना तेल चोळलं, कोयत्याला चोळलं आणि फणस उभा कापला. चीक पांढरा, दोऱ्यासारखा खेचत वर आला. मामाने एक काडी त्यात फिरवून तो गुंडाळून घेतला. मग त्याने गऱ्यात बोट घातलं.

बोट आत गेलं नाही.

पिवळेधम्मक, लांबट, कुरकुरीत गरे. मामाने एक दाबला, दुसरा दाबला, मग माझ्याकडे बघितलं. कापा. अस्सल, पहिल्या प्रतीचा कापा. मॅनेजर आनंदाने म्हणाला, वरिक्का, बेस्ट! त्याच्या दृष्टीने आम्ही जिंकलो होतो. केरळात घट्ट गऱ्यांचा तो वरिक्का आणि त्यालाच मान. मऊ, लिबलिबीत असेल तो कूळ. त्यातला तो खास मल्याळी ळ मामाने चार वेळा म्हणून बघितला आणि नाद सोडला.

रात्री मला झोप येईना. बरका आणि वरिक्का, ऐकायला सख्खे भाऊ, अर्थ बरोबर उलटा. मंगळूरचा बक्केही घट्टच निघाला होता. समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेलं तरी सिंहली वरका घट्ट गऱ्यांचाच. सगळा किनारा एकीकडे आणि आम्ही कोकणी बरकेवाले एकीकडे.

आणि वहीतलं ते पान उघडलं, इब्न बतूताचं. चौदाव्या शतकात हा मोरोक्कोचा प्रवासी हिंदुस्थानातल्या फळांत दोन नावं देतो : शकी आणि बरकी. फळ बुंध्यातूनच येतं, म्हणतो. जमिनीलगत लागतं ते बरकी, जास्त गोड; वर लागतं ते शकी. शकी म्हणजे चक्का, यात शंका नको. बरकी म्हणजे वरिक्का, असं जाणकार म्हणतात, आणि आज संध्याकाळनंतर मला ते जास्तच पटलं. वरिक्का, बेस्ट, असंच कोणीतरी त्यालाही सांगितलं असणार. त्याच सुमाराला कोल्लमला बिशप म्हणून नेमलेला जॉर्डानस हा ख्रिस्ती साधू चाकी नावाच्या फळाबद्दल लिहितो, की एक पाच माणसांना पुरतं. आमच्या दोघांपुढे रात्री साडेनऊला पाच माणसांचा वरिक्का पडला होता. लॉजभर वाटला.

चौथा दिवस : चेर्तला आणि कोची

सकाळी लवकर निघून चेर्तलाच्या बाजूला गेलो. इथल्या कडक्करप्पळ्ळी गावात इट्टी अच्युतन या वैद्याचं घराणं. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान र्‍हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. अॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेला हॉर्टस मलाबारिकस. सातशे बेचाळीस वनस्पती. झाडं ओळखून त्यांचे गुण सांगणारा माणूस हा, अच्युतन. त्याची दिवा लावायची छोटी जागा, कुर्याला, अजून जपलेली आहे. आवारात फारसं काही नाही. उन्हात उभं राहून पाहिलं, तेवढंच.

मला त्यातला आणखी एक धागा जवळचा. अच्युतनच्या जोडीला तीन कोकणी पंडित होते : रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. पहिल्या खंडात त्यांचं प्रमाणपत्र छापलंय, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत. अॅमस्टरडॅमला १६७८ साली नागरी! चित्रांवर झाडांची नावं मल्याळम, अरबी आणि नागरीत कोरलेली. फणसाचं चित्र तिसऱ्या खंडात, मथळा Tsjaka-maram, म्हणजे चक्का मरम, चक्क्याचं झाड. डच लेखणीने च लिहायला tsj वापरला.

दुपारी मट्टांचेरीत. तिरुमल देवस्थानाच्या आसपास कोकणी बोलणारी घरं आहेत. पोर्तुगीज काळात गोव्यातून निघालेल्यांचे वंशज. एका दुकानात पापड घेताना मी सहज विचारलं, चक्का तुमच्या घरात काय म्हणतात? दुकानातली बाई म्हणाली, "पणसु."

दोन दिवस चक्का ऐकून कान भरले होते. घर सोडून पिढ्यान्‌पिढ्या झाल्या, चारी बाजूंनी चक्का, आणि तरी चुलीपाशी पणसु. मामाने तिला लगेच आपलं दुःख सांगितलं, मालवणीत. तिला कळलं! अर्धं कळलं असेल, पण कूळ कुठल्या दुकानात मिळेल ते तिने बरोबर सांगितलं. वर सूचना दिली, आज घेऊ नका, उद्या गाडीत बसण्याआधी घ्या. आज घ्याल तर उद्या फुटेल.

मामाने आजच घेतला.

पाचवा दिवस : गाडीत

फुटला. कासारगोडच्या अलीकडे. वास आधीपासूनच होता, पण आता देठाजवळ भेग पडून रस पिशवीत उतरायला लागला. समोरच्या बाकावर एक बंगाली जोडपं होतं. त्यांनी नाक मुरडलं नाही. उलट बाई म्हणाल्या, "कांठाल!" आणि पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. वरच्या बर्थवरचा बिहारचा मुलगा म्हणाला, कटहल. दोन्हींचा आजा एकच, संस्कृत कंटकीफल. काटेरी फळ. अमरकोशात पनसाच्या शेजारीच ते नाव बसलंय. दक्षिणेने नुसतं नाव दिलं, उत्तरेने वर्णन दिलं. बांगलादेशाचं राष्ट्रीय फळही हाच कांठाल, हे त्या बाईंनी मला दोनदा सांगितलं.

बाजूला रत्नागिरीचा एक तरुण होता, जहाजावर नोकरीला. मलेशियात नांगका म्हणतात, तो म्हणाला, आणि ब्राझीलच्या बाजारात तर पाटीच असते : जाका मोली, जाका दुरा. मऊ जाका, कडक जाका. मामा उठून बसला. "बघ! सरळ सांगतत. मऊ आणि कडक. ह्येका म्हणतत नाव." चीनमध्ये फणसाचं नाव बोलोमी, आणि बौद्ध ग्रंथांतल्या पारमिता या शब्दासाठी चिनी लोक वापरतात तीच अक्षरं, हे मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोवर सगळे पिशवीभोवती जमले होते आणि मामा चमच्याने रस वाढत होता.

सहावा दिवस : घर

निम्मा फणस घरी पोचला. मामीने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, "ह्यो खंयसून हाडलास? बरको आसा!" मामा काही बोलला नाही, फक्त अंगणात जाऊन पाय धुतले.

सकाळी चाळणीवर रस गाळला, तांदळाचा रवा, गूळ आणि थोडं ओलं खोबरं घातलं, वाट्यांना तूप लावून सांदणं उकडली. सोबत नारळाचं दूध. कूळचा रस आमच्या बरक्यापेक्षा जरा पातळ, मामी म्हणाली, पण वासाला भारी.

उरलेल्या आठळ्या मामीने धुऊन वाळत टाकल्या आणि दुपारी लाल मातीत घोळवून डब्यात भरल्या, पावसाळ्यासाठी. इब्न बतूता हेही लिहून गेलाय, की इथले लोक या बिया तांबड्या मातीत ठेवतात, त्या पुढच्या वर्षापर्यंत टिकतात. मी वाचून दाखवलं. "मग? आणखी खंय ठेवतले?" मामी म्हणाली.

सहा आठळ्या मामाने आधीच बाजूला काढल्या होत्या. काळ्या पिशव्यांत माती भरून त्याने त्या पेरल्या आणि प्रत्येकीवर मार्करने बरको असं लिहिलं. फणस आठळीपासून लावला की आईवर जाईलच असं नाही, बरक्याच्या बीचा कापाही निघतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मामीने पिशव्यांवरची अक्षरं वाचली.

"आधी धरांदे तरी. मगे नाव ठेव."

मामाने मार्करला टोपण लावलं आणि पिशव्या सावलीत सरकवल्या.